वॉकिंग पॅड, उंच होणारे टेबल आणि वारंवार पडणारा आरसीसीबी

प्रश्नकर्त्यांनी कळवलेली हकिगत थोडक्यात अशी आहे. सांगलीच्या गावभागात त्यांचे जुने दुमजली घर आहे. २०१९ च्या महापुरानंतर तळमजल्याचे वायरिंग नव्याने झाले, वरचा मजला मात्र जुन्याच तारांवर राहिला. वरच्या खोलीत बसून ते संगणकाचे काम करतात. आजोबांच्या सागवानी टेबलाची फळी विजेवर वरखाली होणाऱ्या चौकटीवर बसवायची, खाली वॉकिंग पॅड, म्हणजे टेबलाखाली मावणारी बुटकी ट्रेडमिल, ठेवायचे आणि चालता चालता काम करायचे, असा त्यांचा बेत आहे. अडचणी चार आहेत. पॅड रिकामे असताना व्यवस्थित चालते, पण त्यावर उभे राहून वेग वाढवला की घरातला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, पडतो. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकले की झिणझिण्या येतात. वीज गेल्यावर ही सगळी मांडणी इन्व्हर्टरवर चालेल का, हे त्यांना ठरवता येत नाही. आणि पॅड चार हजार पावले दाखवते तेव्हा मनगटावरचे घड्याळ जेमतेम बाराशे दाखवते. त्यांच्या वायरमनने दोन उपाय सुचवले आहेत : ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी काढून १०० चा बसवणे, किंवा पॅडच्या थ्री-पिन टॉपमधली मोठी, अर्थची पिन काढून टाकणे.

या दोन्हींपैकी कोणताही उपाय करू नये, हे आधीच सांगतो. मी गेली पंचवीसेक वर्षे सांगलीत यूपीएस, इन्व्हर्टर आणि अलीकडच्या काळात व्यायामशाळांमधील ट्रेडमिल दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर ‘बिघडले’ म्हणून आलेल्या घरगुती यंत्रांपैकी बरीचशी यंत्रे माझ्याकडे निर्वेध चालतात आणि घरी नेली की पुन्हा बंद पडतात. दोष यंत्रात नसून भिंतीत असला की असेच होते, आणि आपण दिलेल्या लक्षणांवरून आपल्याकडेही तोच प्रकार असावा असे मला वाटते.

आरसीसीबी नेमके काय मोजतो, ते आधी लक्षात घ्यावे. फेजमधून जेवढा प्रवाह घरात जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. त्यातला काही भाग दुसऱ्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून, ओल्या भिंतीतून किंवा अर्थच्या तारेतून जमिनीत गेला, तर दोहोंमध्ये फरक पडतो आणि तो फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की आरसीसीबी वीज तोडतो. ३० मिलिअँपिअर लिहिलेला आरसीसीबी १५ च्या खाली पडू नये आणि ३० ला पडलाच पाहिजे, अशी त्याची रचना असते. माणसाचा जीव वाचवण्यासाठी ३० ची मर्यादा आहे. १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळतीमुळे लागणारी आग टाळायला उपयोगी पडतो, पण माणसाच्या अंगातून जाणारा ५०-६० मिलिअँपिअरचा प्रवाह तो निमूटपणे जाऊ देईल, आणि एवढा प्रवाह हृदयाची लय बिघडवायला पुरेसा असतो.

आता आपल्या लक्षणाकडे पाहू. पॅडच्या आतच गळती असती, तर पॅड रिकामे असतानाही, बहुधा पिन खोचताक्षणी किंवा बटण दाबताच, आरसीसीबी पडला असता. पॅडवर कोण उभे आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध राहिला नसता. आपल्याकडे मात्र भार वाढला की पडतो, भार नसताना पडत नाही. भाराशी असे नाते दिसले की अनुभवी वायरमनच्या मनात पहिली शंका येते ती अशी की, आरसीसीबीच्या पुढे, घराच्या बाजूला, कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटलेले आहेत. तसे असल्यास परतणाऱ्या प्रवाहाला दोन वाटा मिळतात. समजा, न्यूट्रलच्या तारेचा रोध अर्धा ओहम आहे आणि अर्थच्या खड्ड्यातून जाणाऱ्या वाटेचा पंचवीस ओहम. मग एकूण प्रवाहाचा सुमारे पन्नासावा भाग अर्थकडून जाईल. रिकामे पॅड अर्धा अँपिअर घेत असेल तर तो भाग १० मिलिअँपिअर होतो आणि आरसीसीबी गप्प राहतो. आपण त्यावर चढून वेग वाढवलात आणि प्रवाह १.६ अँपिअर झाला की तोच भाग ३२ मिलिअँपिअर होतो आणि आरसीसीबी पडतो. पॅडचा यात काहीही दोष नसतो.

हे तपासण्यासाठी कोणतेही उपकरण विकत घ्यावे लागत नाही. घरातली साधी १००० वॉटची इस्त्री आधी तळमजल्यावर लावून पाहावी आणि नंतर तीच इस्त्री वरच्या खोलीतल्या पॅडच्या सॉकेटमध्ये लावावी. ही इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या आसपास घेते. खाली ती निमूट तापली आणि वर लावताच आरसीसीबी पडला, तर पॅड निर्दोष आहे आणि वरच्या मजल्यावर न्यूट्रल-अर्थ जोडलेले आहेत, असे धरून चालायला हरकत नाही.

मल्टिमीटर असल्यास दुसरी खूण मिळते, आणि ती पुष्कळ वायरमनच्याही नजरेतून सुटते. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, हे सर्वजण पाहतात. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मात्र सहसा एखादा-दीड व्होल्ट दिसतो, कारण रस्त्यावरच्या न्यूट्रलमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही प्रवाह असतो. तळमजल्यावर असा व्होल्ट-दीड व्होल्ट दिसत असताना वरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी ०.० दिसला, तर खूश होऊ नये. ते शून्य चांगल्या अर्थिंगचे नसून, त्याच बोर्डात कुणीतरी मारलेल्या लूपचे, म्हणजे न्यूट्रल-अर्थ जोडणाऱ्या तारेच्या तुकड्याचे, असण्याची शक्यता अधिक.

खणभागातील एका घरात मी असा बोर्ड उघडला होता. तपकिरी बॅकेलाइटचे जुने सॉकेट, लाकडी पट्टीत गंजून बसलेले दोन स्क्रू आणि आत न्यूट्रलच्या स्क्रूपासून वरच्या मोठ्या भोकापर्यंत बोटभर लांबीचा लाल तारेचा तुकडा. त्यावरचे आवरण इतके कडक झाले होते की नखाने टिचकी मारताच त्याचे कपचे उडाले. त्या घरात पूर्वी अर्थिंगच नव्हते. फ्रिजला हात लावला की टेस्टर पेटतो अशी तक्रार होती, म्हणून कोण्या एका कारागिराने न्यूट्रलवरून अर्थच्या भोकात लूप मारला. टेस्टर विझला, तक्रार मिटली. पुढे तळमजल्यावर नवे अर्थिंग झाले आणि नव्या माणसाने वरून आलेली जुनी हिरवी तार, काहीही न उघडता, नव्या अर्थच्या पट्टीला जोडून टाकली. तोवर निपचित असलेला लूप त्या दिवसापासून आरसीसीबी पाडू लागला. आपल्याही घरात पुरानंतर अर्धेच काम झालेले असल्यामुळे मला हीच शंका येते. हा लूप केवळ त्रासदायक नाही, तो घातक आहे : बोर्डापर्यंत येणारी न्यूट्रल वाटेत कुठे तुटली, तर चालू उपकरणातून आलेला फेज त्या लूपवाटे प्रत्येक धातूच्या अंगावर, म्हणजे पॅडच्या सांगाड्यावर आणि फ्रिजच्या दारावर, येऊन बसतो.

यावरचा उपाय सरळ आहे, पण तो मेन स्विच बंद करून आणि वायरमनकडूनच करून घ्यावा. वरच्या मजल्यावरचा प्रत्येक बोर्ड उघडून लूप काढावा. डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वितरण-पेटीपासून, वरच्या खोलीपर्यंत फेज, न्यूट्रल आणि हिरवी तार अशी नवी जोडणी स्वतंत्र एमसीबीवर (प्रवाह फाजील वाढला की तोडणाऱ्या स्विचवर) ओढून घ्यावी. आणि काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, तारांच्या आवरणाचे रोधन तपासून घ्यावे. ते किमान एक मेगाओहम भरले पाहिजे, नव्या तारांचे त्याहून कितीतरी अधिक भरते. अर्थचा खड्डाही पाहून घ्यावा. आपल्याकडची काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम, पण चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात आणि नळीभोवतीची माती सुटून संपर्क जातो. उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओतण्याची जुन्या लोकांची सवय अगदी योग्य होती.

इस्त्री वर-खाली दोन्हीकडे चालली, तर मात्र पॅडकडे वळावे लागेल. मोटरच्या कार्बन ब्रशची झीज होऊन पडलेली काळी पूड, पट्ट्यावरून ओघळलेला घाम आणि पावसाळी दमट हवा, हे तिन्ही मिळून गळतीची वाट तयार करतात. मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीच्या गोदामाशेजारून माझ्याकडे आलेल्या एका पॅडचे मोटरवरचे झाकण काढले, तर आतली मोटर आणि पंखा भंडारा उधळल्यासारखे पिवळे झाले होते. ब्लोअरने साफ केल्यावर त्याची गळती थांबली. झाकण उघडण्यापूर्वी पिन काढून किमान दहा मिनिटे थांबावे, कारण कंट्रोलरमधल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब साठलेला असू शकतो. कंट्रोलरच्या पाटीला हात लावण्याचे काम मात्र घरी करू नये.

लॅपटॉपच्या झिणझिण्यांचे कारण वेगळे आहे. चार्जरमध्ये रेडिओ-खरखर रोखण्यासाठी फार लहान कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थची पिन जोडलेली असेल तर त्यांतून येणारा क्षुल्लक प्रवाह अर्थमध्ये निघून जातो; दोन पिनांचा चार्जर असेल, किंवा तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खोचलेला असेल, तर तो प्रवाह लॅपटॉपच्या धातूवर येऊन थांबतो. टेस्टर पेटतो, मीटर ८० ते ११० व्होल्ट दाखवतो आणि माणूस घाबरतो. प्रत्यक्षात त्या प्रवाहाची ताकद एका मिलिअँपिअरच्याही आत असते. मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी पातळ असल्यामुळे आणि लॅपटॉपची कड धारदार असल्यामुळे तो तिथेच जाणवतो. घड्याळाचा पट्टा धातूचा असेल तर आणखी जाणवतो. तीन पिनांची वायर आणि खरे अर्थिंग मिळाले की हा प्रकार त्याच क्षणी थांबतो. न थांबल्यास चार्जर बदलावा, विशेषतः तो मूळ कंपनीचा नसेल तर.

पॅड किती वीज घेते, याविषयी त्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नये. ‘अडीच हॉर्सपॉवर’ म्हणजे १८६५ वॉट, म्हणजे आठ अँपिअर. घरगुती पॅड इतका प्रवाह सतत कधीच घेत नाही, तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या माझ्या क्लॅम्प मीटरवर अशी पॅड रिकामी असताना साधारण अर्धा अँपिअर आणि सत्तर किलोचा माणूस ताशी तीन किलोमीटर वेगाने चालत असताना सव्वा ते पावणेदोन अँपिअर दाखवतात. त्याच माणसाखाली, त्याच वेगाला, अडीच अँपिअर दिसू लागले की मी मोटर न पाहता बेल्टखाली हात घालतो. बेल्टची कड उचलून तळहात मधोमध, पाय पडतात त्या जागी, फळीवर फिरवावा. हाताला निसरडा ओशटपणा लागला तर ठीक. कोरडे, खरखरीत लागले तर घर्षण वाढले आहे, मोटर गरम होते आहे आणि कंट्रोलर लवकरच एरर दाखवून बंद पडणार आहे.

तेल फक्त शुद्ध सिलिकॉनचेच घालावे. दोन्ही बाजूंनी मिळून वीस-तीस मिलिलिटर पुष्कळ झाले. शिवणयंत्राचे तेल, डब्ल्यूडी-फॉर्टी, गोडेतेल यांपैकी काहीही चालत नाही. एका गृहस्थांनी नारळाचे तेल घातले होते. नारळाचे तेल चोवीसेक अंशांखाली गोठू लागते, हे न्हाणीघरातली बाटली शेकोटीजवळ ठेवणाऱ्या कोणत्याही सांगलीकराला सांगायला नको; डिसेंबरच्या एका सकाळी त्यांचा बेल्ट फळीला चिकटून बसला आणि मोटरचा फ्यूज गेला. तेल काढायला मला अर्धा दिवस लागला आणि फळीने जे तेल पिऊन घेतले होते ते निघालेच नाही.

बेल्ट एका बाजूला सरकत असेल तर मागच्या दोन्ही टोकांना ॲलन-कीचे बोल्ट असतात. बेल्ट उजवीकडे जात असेल तर उजवा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवावा, मिनिटभर संथ वेगात चालवून पाहावे आणि मगच पुढचा पाव फेरा. एकदम पूर्ण फेरा देणाऱ्यांचे बेल्ट कडेने उसवतात. मधोमध उचलल्यावर बेल्ट दोन ते तीन इंच वर आला तर ताण योग्य आहे.

टेबलाबाबत आपण विचारले आहे की, चौकट सागवानाचे वजन पेलेल का. पाच फूट बाय अडीच फूट आणि एक इंच जाडीची सागवानी फळी वीसेक किलोच्या आत बसते. एका मोटरची साधी चौकटही साठ-सत्तर किलो उचलते, त्यामुळे वजनाची काळजी नाही. खरी अडचण उंचीची आहे, आणि ती खरेदीच्या वेळी कोणाच्याच लक्षात येत नाही. आपली उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे १७३ सेंटिमीटर. उभे असताना कोपर जमिनीपासून साधारण १०९ सेंटिमीटरवर येते आणि टेबलाचा पृष्ठभाग तितक्याच उंचीवर हवा. पण आपण जमिनीवर उभे राहणार नाही, पॅडवर चालणार आहात. पॅडची जाडी १२ सेंटिमीटर आणि बुटाचा तळ अडीच सेंटिमीटर धरला की लागणारी उंची जवळपास १२३ सेंटिमीटर होते. स्वस्त चौकटी ११७ ते १२० च्या दरम्यान थांबतात. कोपरापासून अंगठ्यापर्यंत हात खाली उतरता राहिला की खांदे पुढे झुकतात आणि आठवड्याभरात मानेची तक्रार सुरू होते.

यावर दोन मार्ग आहेत. तीन टप्प्यांत लांबणाऱ्या पायांची, दोन मोटरची चौकट घ्यावी. तिची कमाल उंची पुस्तिकेत वाचूनच घ्यावी आणि त्यात फळीची जाडी मिळवावी. चौकट आधीच घेतली असेल, तर घरातला जेवणाचा लाकडी पाट टेबलावर ठेवून त्यावर कीबोर्ड आणि माउस मांडावा. दीड-दोन इंच उंचीचा पाट नेमकी हवी ती चार सेंटिमीटरची उणीव भरून काढतो. मी हे विनोदाने लिहीत नाही. माझ्या ओळखीच्या दोघांकडे हीच व्यवस्था आहे. मॉनिटर मात्र वेगळ्या आर्मवर घ्यावा, म्हणजे त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवता येते. भरीव सागवानाला आर्मचा शिकंजा सोसतो. सनमायका लावलेल्या भुशाच्या फळीला तो सोसत नाही, तिथे खालून लोखंडी पट्टी लावावी लागते.

फळी बसवताना सुताराला दोन गोष्टी सांगाव्यात. प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर जुने सागवान रेषेने चिरते. आणि चौकटीतली भोके लांबट असल्यास स्क्रू त्यांच्या मधोमध बसवावेत, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगले तरी ओढ बसत नाही. एक्स्टेंशन बोर्ड फळीच्या खाली स्क्रूने पक्का करावा आणि भिंतीकडे जाणारी एकच वायर सैल वळण ठेवून सोडावी. टेबल सर्वांत वर नेऊन प्रत्येक वायर सैल राहते का, ते एकदा हाताने पाहून घ्यावे. एका ठिकाणी टेबल वर जाताना ताणलेली वायर चौकटीच्या कडेवर घासून सोलली गेली होती आणि पूर्ण चौकट फेजवर आली होती. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी होता म्हणून माणूस शाबूत राहिला. टेबल वर जात असताना वीज गेली, तर चौकट कधी कधी आपली उंचीच विसरते आणि भलताच आकडा दाखवते. अशा वेळी खाली नेण्याचे बटण दाबून धरून ती पूर्ण तळाला न्यावी, मग क्षणभर सोडून पुन्हा दाबून धरावे. बहुतेक कंट्रोलर अशाने ताळ्यावर येतात.

इन्व्हर्टरबद्दल माझे उत्तर स्पष्ट आहे. टेबल, लॅपटॉप, मॉनिटर आणि राउटर चालवावेत. पॅड चालवू नये. आपल्याकडे ९०० व्हीएचा स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा, इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी आहे. १५० गुणिले बॅटरीचे १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-तास, पण हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा असतो. भार वाढला की तो घटतो, इन्व्हर्टर स्वतःही काही खातो आणि बॅटरी तळापर्यंत उपसणे तिच्या हिताचे नसते. हाती हजार-अकराशे वॉट-तास येतात असे धरावे. लॅपटॉप ५०, मॉनिटर २५, राउटर १०, दिवा १० आणि जुना पंखा ७० मिळून १६५ वॉट होतात, म्हणजे नव्या बॅटरीवर सहा-साडेसहा तास आणि तीन वर्षांच्या बॅटरीवर त्याच्या निम्म्याने. पॅड त्यात अडीचशे वॉट आणखी मिसळते आणि पाऊल पडेल तसा धक्क्याधक्क्याने प्रवाह ओढते. शिवाय स्क्वेअर वेव्हचे शिखर २३० व्होल्टच्या आसपासच राहते, साइन वेव्हचे ३२५ पर्यंत जाते. मोटरच्या कंट्रोलरला त्यामुळे आतून कमी दाब मिळतो आणि तो गुणगुणू लागतो. वीज नसेल त्या वेळात आमराईत दोन फेऱ्या मारून याव्यात, ते स्वस्त पडेल.

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असे एक बटण असते. यूपीएसवर ठेवले तर वीज गेल्यावर बदल झटकन होतो आणि राउटर बंद पडत नाही, परंतु दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. उपनगरांत आणि शेतीपंपांच्या लाइनवर संध्याकाळी दाब उतरतो, तिथे या बटणामुळे बॅटऱ्या दोन वर्षांत संपलेल्या मी पाहिल्या आहेत. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे बटण नॉर्मलवर ठेवून केवळ राउटरसाठी १२ व्होल्टचा लहानसा डीसी यूपीएस घेणे अधिक शहाणपणाचे.

राहिला पावलांचा हिशोब. घड्याळ पाय पाहत नाही, हाताचे हेलकावे पाहते. कीबोर्डवर हात स्थिर ठेवून आपण चाललात तर त्याच्या दृष्टीने आपण बसलेलेच आहात. याउलट खड्ड्यांच्या रस्त्याने मिरजेपर्यंत मोटारसायकलवर गेलात तर ते आपल्याला काही पावले फुकट देऊन टाकते. पॅडवर काम करताना घड्याळ काढून पायमोज्यात, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, किंवा विजारीच्या पुढच्या खिशात ठेवावे. आकडा लगेच जुळू लागतो. नाडीचा ठोका मात्र मनगटावरच, हाडापासून दोन बोटे वर आणि घट्ट बांधला तरच बरोबर येतो. घड्याळ हिरवा प्रकाश टाकून रक्ताने शोषलेल्या उजेडाचा चढउतार मोजते आणि टायपिंग करताना मनगट वाकले की खालून बाहेरचा उजेड शिरतो. ठोक्याची खरीच गरज असेल तर छातीचा पट्टा घ्यावा. दहा हजार पावलांच्या आकड्याचा फारसा धसका घेऊ नये; तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला आहे, वैद्यकीय प्रयोगशाळेतून नव्हे. टायपिंग करताना ताशी दोन ते अडीच किलोमीटरपेक्षा अधिक वेग ठेवू नये. फोनवर बोलताना तीनपर्यंत चालतो.

पॅडची पावले ही बहुधा अंदाजाचीच असतात, पण त्याचे अंतर तपासता येते. पिन काढून बेल्टच्या कडेला खडूची एक रेघ मारावी आणि बेल्ट हाताने सरकवत टेपने त्याची पूर्ण फेरी मोजावी. समजा ती अडीच मीटर भरली. ताशी तीन किलोमीटर म्हणजे मिनिटाला पन्नास मीटर, म्हणजे खडूच्या रेघेने मिनिटाला बरोबर वीस वेळा समोर यायला हवे. आपण पॅडवर चालत असतानाच घरातल्या कोणाला तरी त्या रेघा मोजायला सांगावे, कारण रिकामा बेल्ट नेहमीच खरे बोलतो. वीसऐवजी अठरा भरल्या, तर पॅडच्या रोजच्या किलोमीटरमधून दहावा भाग वजा करावा. सोळाच्याही खाली आल्या, तर बेल्ट घसरतो आहे असे समजून मागचे दोन्ही बोल्ट सारखेच, पाव-पाव फेरा, घट्ट करावेत.